दाखवायचा खडा

आजारांनाही प्रत असते, असं नरहररावांचं मत होतं. सगळी नोकरी सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून काढलेल्या माणसाचं दुसरं काय मत असणार! हृदयाचा झटका म्हणजे सुपर. नाव काढलं तरी लोक आवाज खाली आणतात. मधुमेह फेअर. आणि पुरुषाच्या कमरेखालचं जे काही असेल ते कवडी, किडका कापूस. फाटकातूनच परत.

म्हणून यवतमाळच्या डॉक्टरांनी जेव्हा सांगितलं, की प्रोस्टेटचा कॅन्सर हाडापर्यंत पोचलाय, एक तर जन्मभर महागडी इंजेक्शनं घ्या नाही तर एकदाच दोन्ही वृषणं काढून टाकू, तेव्हा नरहररावांच्या मनात आधी आलं ते बायकोला काय सांगायचं. मरणाचा नंबर नंतर लागला.

"छोटं ऑपरेशन आहे, दुसऱ्या दिवशी घरी," डॉक्टर म्हणाले.

"बरं," म्हणून नरहरराव बाहेर आले आणि मुलाला, चारुदत्तला, दम भरला. "आईला कळता कामा नये. मुतखडा म्हणायचं."

मुतखडा हा त्या भागातला कुलीन आजार. राळेगावचं पाणीच असं जड, की घरटी एकाला तरी खडा होतो, आणि तो सांगताना कुणाची मान खाली जात नाही.

पाठीत सुई टोचली आणि कमरेखालचा मुलूख परका झाला. हिरव्या पडद्यापलीकडे डॉक्टर भूल देणाऱ्याशी कापसाच्या भावाबद्दल बोलत होते, यंदाही पडलाच. कुणीतरी कुणाचं तरी काहीतरी ओढतंय, एवढंच नरहररावांना कळलं. संध्याकाळी पाय परत आले. बाकीचं आलं नाही. घरी येऊन पडले तरी ना राग, ना रडू, ना भाजीतलं मीठ. ड्रेसिंग चारू करायचा, आतून कडी लावून. ती कडी लागली की नाही, एवढ्यापुरते नरहरराव जागे असत.

दुपारी भेटणारे यायचे. नापिकीच्या त्या वर्षांत तालुक्यात कुणाच्या ना कुणाच्या दारी सांत्वनाला जाऊन बसण्याची लोकांना इतकी सवय झाली होती, की ते आजाऱ्यालाही तोच चेहरा घेऊन भेटत. बसत, पंख्याकडे बघत, "चालायचंच" म्हणत आणि उठत. नरहररावांना ते सोयीचं होतं.

भगवानराव मात्र हसत आले. जवळच्या खेड्यातले शेतकरी. मागे एका हंगामात त्यांच्या गाडीतल्या कापसात नरहररावांनी कोपरापर्यंत हात घातला होता आणि मुठीएवढा दगड काढून अख्ख्या रांगेला दाखवला होता. "भगवानराव, हे कोणतं वाण?" रांग हसली. भगवानरावही हसले, पण उशिरा.

"काय ग्रेडरसाहेब, खडा काढला म्हनते?"

"हो."

"दाखवा न मंग."

रीतच ती. खडा निघाला की बाटलीत ठेवायचा आणि येईल त्याला दाखवायचा. लग्नाच्या फोटोंसारखा तो हातोहात फिरतो. नरहररावांनी स्वतः लोकांचे कितीतरी खडे पाहिले होते, मापाची तारीफ केली होती, आणि खोटं रचताना नेमकं हेच विसरले होते.

"तो... डॉक्टरांनी ठेवून घेतला."

"कायले? त्याईले काय भाजीत टाकाचा हाये? आमच्या साळ्याले तं पुडीत बांधून देला होता."

"तपासायला पाठवलाय."

"गोटा तपासून राह्यले? अजब डॉक्टर हाये बाप्पा!"

भगवानरावांचे डोळे बारीक झाले. ती नजर नरहररावांनी ओळखली. जन्मभर तीच नजर त्यांनी गाड्यांवर फिरवली होती. आता हा माणूस कोपरापर्यंत हात घालणार.

तेवढ्यात नरहररावांच्या पत्नी सुमेधाताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अहो, तुम्हाला ना काही आठवत नाही. परत नाही का दिला त्यांनी?" आणि होमिओपॅथीच्या गोळ्यांची एक बाटली भगवानरावांच्या हातावर ठेवली. आत वाटाण्याएवढा काळपट खडा.

भगवानरावांनी बाटली उजेडात धरली, हलवून पाहिली. झाकण काढलं, खडा तळहातावर घेतला, नखानं खरवडला. नरहरराव बघत राहिले. आता आपली छाती धडधडायला हवी, असं त्यांना वाटलं. धडधडली नाही.

"वहिनी, हा तं मुरमाचा दिसून राह्यला."

"तसाच असतो तो," सुमेधाताई म्हणाल्या. "चहात साखर किती टाकू?"

भगवानरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग नरहररावांकडे, बराच वेळ. काय दिसलं कोण जाणे. खडा बाटलीत टाकून त्यांनी झाकण घट्ट लावलं.

"पास, साहेब," ते म्हणाले. "एकदम सुपर. लई तरास झाला असन."

चहा झाला, बोंडअळीची चौकशी झाली, भगवानराव गेले.

"कुठून आणलास?" नरहररावांनी विचारलं.

"नळाजवळून. घरी आलो त्याच दिवशी धुऊन ठेवला होता. कुणी ना कुणी मागणारच होतं."

"चारूनं सांगितलं तुला."

"चारू काय सांगतो! तो तुमच्यावरच गेलाय." त्या खुर्चीवर टेकल्या. "ऑपरेशन चालू असताना त्याला सलाइन आणायला पिटाळलं होतं. नर्स ट्रे घेऊन दारात आली. पेशंटचं कोण आहे, म्हणाली. बाकावर मीच होते. दाखवावं लागतं म्हणे, काय काढलं ते."

"मग?"

"मग काय. बघितलं. बरं म्हटलं. ती घेऊन गेली."

नरहररावांनी आत चाचपून पाहिलं. लाज तरी हाताला लागायला हवी होती.

"बोलली नाहीस."

"तुम्ही मुतखडा म्हणत होता. म्हटलं, चालू द्या." त्या पुढे म्हणाल्या, "डॉक्टरांना मी विचारलं, पुढे काय. अंगातून वाफा येतील म्हणाले. एकदम घाम, लगेच थंडी. उगाच चिडचिड."

"मला नाही सांगितलं."

"विचारलं नसेल तुम्ही. मला पाळी जाताना येऊन गेल्यात त्या. खिडकीकडे झोपत जा आजपासून. आणि जाड पांघरूण नको. दोन पातळ घ्यायची, एक काढता येतं."

"किती दिवस चालतं हे?"

"माझं चार वर्षं चाललं," सुमेधाताई म्हणाल्या आणि कपबशा उचलून आत गेल्या.

ती कोणती चार वर्षं, ते नरहरराव आठवत बसले.