दाताचा खड्डा

"हे आता होणार नाही," असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. बेलापूरचे मच्छिंद्रकाका नगरला माझ्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात आले ते हेच वाक्य घेऊन. रुमालात त्यांच्या क्लॅरिनेटचा माऊथपीस होता. वरातीत डांबरी रस्त्यावर पडून त्याचं टोक उडालं होतं.

"तीन ठिकानी दाखवला, पोरी. समदे म्हन्ले, फेकून द्या. म्हन्लं, नबीलालची मुमताज काय म्हन्ती बघू."

"फेका म्हणणारे शंभर भेटतील. ठेवा इथं."

कडक काळ्या रबराचा जुना माऊथपीस. काकांनी चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये हाच वाजवला होता. नवा घेऊन पाहिला, पण त्यावर सूरच बसेना. त्यात बँडच्या मालकाने सांगून टाकलं होतं की गुरुवारच्या हळदीला क्लॅरिनेट वाजलं नाही तर कायमचा कीबोर्डवाला घेणार. त्या दिवशी सोमवार होता.

हे काम मी अब्बांकडून शिकले. काचेवर ओला, बारीक पॉलिशपेपर ठेवायचा आणि माऊथपीसची, सूर काढणारी वेताची पत्ती बसते ती बाजू त्यावर टेकवून ओढायची. टोकाशी पत्ती आणि रबर यांच्यात जेमतेम फट हवी. जास्त झाली तर फुंकून दम लागतो, कमी झाली तर आवाजच बंद. दोनदा ओढायचं, पातळ पत्र्याने फट मोजायची, पुन्हा ओढायचं. मंगळवार अख्खा त्यात गेला. बोटांची सालं निघाली, पण टोक जमलं.

तिथंच थांबले असते तर मी मुमताज कसली! वरच्या बाजूला चावून चावून एक खोल खड्डा पडला होता. मला तो ओंगळ दिसला. रबराची भुकटी आणि चिकटद्रव्य भरून तो बुजवला, घासला, चकचकीत केला.

बुधवारी दुपारी काका आले. "नवरीवानी सजवलाय की गं!" म्हणत त्यांनी फुंकलं. चीं! पुन्हा फुंकलं. पुन्हा चीं! तिसऱ्यांदा न फुंकता त्यांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं.

"माऊथपीस ब्येस हाय, पोरी. मीच संपलो. येऊ दे त्या कीबोर्डवाल्याला."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. "गप बसा," मी ओरडले. फट मोजली, बरोबर होती. पत्ती बदलली, तरी चीं. मग मी म्हणाले, "पुन्हा वाजवा," आणि या वेळी माऊथपीसकडे न बघता काकांच्या तोंडाकडे बघितलं.

वर समोर एकच दात. तो गुळगुळीत रबरावरून घसरत होता, आणि तो घसरला की अख्खा माऊथपीस तोंडात हलत होता. इतकी वर्षं तो दात त्या खड्ड्यात बसत होता, आणि खड्डा मीच बुजवला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"काका, चूक माझी आहे." हे वाक्य माझ्या तोंडून सहसा निघत नाही, माझ्या नवऱ्याला विचारा. "चुन्याची डबी आहे ना खिशात?"

"हाय की. तंबाखू खाती का काय तू?"

"दाताला चुना लावा आणि चावा. जिभेला लागू देऊ नका."

काळ्या रबरावर पांढरा ठिपका उमटला. कोरणीने मी तेवढंच खरवडलं. पुन्हा चावा. थोडं डावीकडे. पुन्हा. अजून खोल. सहाव्या वेळी काका चावले आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "बसला!"

मग ते वाजवू लागले. पहिला सूर लांबवला, तोच धरून हळदीच्या गाण्यात शिरले. मध्येच थांबून त्यांनी मालकाला फोन लावला, टेबलावर ठेवला, आणि एक शब्द न बोलता गाणं पहिल्यापासून वाजवलं.



"मच्छिंद्रबाबा," गाणं संपल्यावर मालक पलीकडून म्हणाला, "उद्या चारला टेम्पो येतोय. तयार ऱ्हावा."

"आन् कीबोर्डवाला?"

"त्याला न्हाई सांगतो."

काकांनी रुमालाने डोळे पुसले. मी पदराने. जाताना ते चुन्याची डबी विसरले, मीही मुद्दाम परत दिली नाही. ती अब्बांच्या काचेशेजारी ठेवली आहे. आता कुणी माऊथपीस घेऊन आलं की मी तो हातातही घेत नाही. आधी म्हणते, "आ करा."