हातात दिलेलं मीठ

गोजराबाईंनी चपला काढून हातात घेतल्या आणि पांढऱ्या पापुद्र्यावर पाय टाकला. करकर वाजलं. वाकून त्यांनी चिमूटभर उचललं आणि जिभेला लावून पाहिलं.

"मीठच हाय वं हे," त्या सुनेला म्हणाल्या.

"हो," वैजयंती म्हणाली.

रिसोडहून निघाल्यापासून तिच्या तोंडून एवढंच येत होतं. राजस्थानातलं हे सुकलेलं खारं तळं, पलीकडच्या रेतीच्या टेकड्या, उंट, हा सगळा घाट विकासनं घातला तो आई आणि बायको दोन शब्द बोलतील म्हणून. बोलल्या असतील तर शपथ.

तशा दोघीही तोंडाच्या तिखट. भांड्याला भांडं लागायचं, चार घरं कान देऊन ऐकायची, आणि संध्याकाळी ह्याच दोघी एका सुपात शेंगा फोडत बसायच्या. मग दसऱ्याच्या सुमारास, सोयाबीनची मळणी चालू असताना, वैजयंतीच्या माहेरून फोन आला. तिच्या बापाची तब्येत बिघडली होती. फोन गोजराबाईंनी घेतला. मळणीयंत्र शेतात उभं, मजुरांचं जेवण व्हायचं. व्याही काय, दर महिन्याला आजारी पडतात, सुनेला सकाळी सांगू म्हणाल्या. रात्रीतूनच ते गेले.

तेव्हापासून वैजयंती भांडली नाही की रडली नाही. विचारलं तेवढं बोलायची, वेळेवर चहा द्यायची. गोजराबाईंना घर खायला उठायचं. हिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना रोज वाटायचं.

तनुजाला उंटाची घाई झाली होती. विकास लेकीला घेऊन टेकडीकडे निघाला. वैजयंती खाली बसली आणि पोरीच्या शाळेत दाखवायला रुमालात खडे गोळा करू लागली. गोजराबाईंनी एक मूठ भरली आणि तिच्यापुढे धरली.

वैजयंतीचा हात थांबला. मीठ कोणी कोणाच्या हातात देत नाही. खाली ठेवायचं, मग दुसऱ्यानं उचलायचं. हे तिला सासूनंच शिकवलं होतं.

"खाली ठेवा."

"नाही ठेवत. हातात घे."

"भांडण होते, आत्याबाई."

"मंग होऊ दे ना."

गोजराबाईंनी तिचं मनगट धरलं, तळहातावर मीठ ठेवलं आणि तिची बोटं मिटवली. वैजयंती त्या मुठीकडे पाहत राहिली. मग तिनं मान वर केली.

"तुमी मले काहून नाही सांगतलं? तुमचं सोयाबीन काय पळून चाललं होतं? माह्या बापाचं तोंड नाही पाह्यलं मी!"

आवाज टेकडीपर्यंत गेला. विकास पोरीला तिथंच सोडून धापा टाकत आला.

"आई, वैजयंती, काय लावलं हे? लोकं पाहून राह्यले."

गोजराबाई मिठावर फतकल मारून बसल्या.

"तू जाय. पोरीले उंटावर बसव," त्या लेकाला म्हणाल्या. मग सुनेकडे पाहिलं. "बोल. मी ऐकून राह्यली."