चार कप्प्यांचा साचा

आपल्याला आकडे कळतात असं दिग्विजयला वाटायचं, आणि चाकणच्या कंपनीपुरतं ते खरंही होतं. तिथे गाड्यांच्या दिव्यांना लागणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिपा बनत. साच्याला चार कप्पे होते, त्यामुळे मशीन एकदा दाबलं की चार क्लिपा एकदम बाहेर पडत. मध्यंतरी तिसऱ्या कप्प्याला बारीक तडा गेला. नवा साचा येईपर्यंत लाइन बंद ठेवणं कुणाला परवडणार नव्हतं, म्हणून क्वालिटीच्या टेबलावर बसून दिग्विजय दर चारातली एक क्लिप वेगळी काढायचा. तिला लाल स्टिकर, बाकीच्या तिघींना हिरवा. एका खेपेत दोन रिजेक्ट निघाल्या असं कधी झालं नाही, आणि एकही निघाली नाही असंही कधी झालं नाही.

त्यामुळे हॉस्पिटलातल्या काउन्सेलर विजयश्री मॅडम ‘चारात एक’ म्हणाल्या तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे तो साचाच उभा राहिला, आणि त्याला हायसं वाटलं. एक तर होऊन गेली होती. म्हणजे आता तीन ओके.

ती होऊन गेलेली एक म्हणजे स्वरूपा, त्याची आठ वर्षांची मुलगी. वर्षाची व्हायच्या आधीच ती पांढरीफटक पडली, आणि तपासणीत थॅलेसेमिया निघाला. तिच्या अंगात धड रक्त तयार होत नाही. दर तीन आठवड्यांनी बाहेरचं रक्त चढवायचं, आणि त्या रक्तातून साठणारं लोह बाहेर काढायला रोज गोळ्या घ्यायच्या. काळेवाडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत सणवारसुद्धा या तारखा बघून ठरत. स्वरूपाला मात्र याचं काही विशेष वाटत नसे. रक्त चढवून आल्यावर ती दोन दिवस घर डोक्यावर घ्यायची, आणि तारीख जवळ आली की जिन्यात मध्येच दमून बसायची.

दिग्विजयची बायको योगिनी ही त्याच्या सख्ख्या मामाची, उद्धवरावांची मुलगी. लातूरकडच्या त्यांच्या घरांत मामाची मुलगी करायची रीतच आहे. दिग्विजयच्या आईने, यशोदाबाईंनी, भावाची लेक पाळण्यात असतानाच सून म्हणून धरून ठेवली होती, आणि योगिनी लग्नानंतरही सासूला आत्याच म्हणत राहिली. आजार आईबापांकडून येतो हे कळल्यावर यशोदाबाईंची मोठी पंचाईत झाली. दोष सुनेच्या माहेरचा म्हणावा, तर तेच त्यांचंही माहेर. बिचाऱ्यांना भांडायलाही जागा उरली नाही.

आता योगिनीला पुन्हा दिवस राहिले होते. विजयश्री मॅडमनी दोघांना समोर बसवून सगळं पहिल्यापासून सांगितलं. प्रत्येक माणसाकडे एकेका गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. रक्त बनवण्याच्या गुणाची या दोघांकडे एक प्रत चांगली आहे आणि एक बिघडलेली. एका चांगल्या प्रतीवर माणसाचं भागतं, म्हणून दोघं धडधाकट. दोघांच्याही लातूरकडच्या आजोबाकडे किंवा आजीकडे ती बिघडलेली प्रत असणार. तिथून ती यशोदाबाईंकडे आली, उद्धवरावांकडेही आली, दोन्ही घरांत कुणाला कळू न देता खाली उतरली आणि स्वरूपामध्ये दोन्हीकडून एकत्र आली.

“आता बाळाचं असं,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही दोघांनी एकेक नाणं उडवायचं. दोघांचाही काटा पडला, म्हणजे दोघांचीही बिघडलेली प्रत गेली, तरच आजार. चारात एकदा. पण मागच्या वेळी काय पडलं होतं ते नाण्याला माहीत नसतं, एवढं लक्षात ठेवा.”

गर्भाच्या वारेचा अगदी छोटा तुकडा सुईने काढून तपासता येतो, ते तिसऱ्या महिन्यातच करावं लागतं, त्यात थोडा धोका असतो, पण फार थोडा, असंही त्यांनी सांगितलं. निकाल वाईट आला तर गर्भ ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवायचं, आम्ही सांगणार नाही, असंही सांगितलं. दिग्विजयने मान हलवली. नाण्याचं बोलणं त्याच्या कानावरून गेलं. चारात एक एवढं मात्र डोक्यात फिट्ट बसलं.

घरी येऊन त्याने मामांना फोन लावला. “काळजीचं कारण नाही मामा,” त्याने मोठ्या आवाजात सांगितलं. “चारात एक रिजेक्ट असतंय. ते झालं आपलं. आता तीन ओके.”

यशोदाबाईंनी लगेच दुजोरा दिला. “आता कशाला टोचून घ्यायलीस गं बाई. पोटातल्या लेकराला सुई लावत्यात का कुठं?”

“आत्या, मला कळलं पाहिजे,” योगिनी म्हणाली. एवढंच म्हणाली, पण पुढचे चार दिवस तेच म्हणत राहिली. दिग्विजय दर वेळी तिला साच्याचं गणित समजावून सांगायचा. त्याचा आवाज जरा जास्तच ठाम असायचा. शिफ्टला जाताना बसमध्ये मोशीच्या पुढे वाहतूक तुंबली की मात्र तो मनातल्या मनात तेच गणित पुन्हा पुन्हा करायचा.

स्वरूपाची रक्ताची तारीख आली तेव्हा योगिनीला मळमळत होतं, म्हणून तो सुट्टी टाकून एकटाच तिला घेऊन गेला. हॉलमध्ये पलंग मांडलेले, प्रत्येकावर एक मूल आणि वर टांगलेली रक्ताची पिशवी. शेजारच्या दोन पलंगांवर दोन भावंडं होती. मोठा मुलगा मोबाइलवर क्रिकेट बघत होता आणि धाकटी मुलगी त्याच्याकडून तो हिसकावून घ्यायच्या खटपटीत होती. मधल्या स्टुलावर बाप बसला होता. त्याच्या नखांत ग्रीस होतं.

“दोघं तुमचीच?” दिग्विजयने विचारलं.

“व्हय. ह्यो शहेबाज, ही आरफा. मी चांदभाई. पुनावळ्यात गॅरेज हाय आपलं.”

“दोघांनाही?” दिग्विजयने पुन्हा विचारलं, जणू मोजण्यात त्याचीच काही चूक झाली असावी.

“दोघांनाबी.”

“तुमचंही नात्यातलंच लग्न असेल मग.”

“न्हाई ओ. आमची पिढ्यान्‌पिढ्या पुनावळ्यातली, आन्‌ मंडळी पार नगरकडची. लग्नाआधी कोन कुनाला वळखत न्हवतं. नात्यात केलं की गाठ पडायचा संभव वाढतो, एवढंच. आमची तशीबी पडली.”

 दिग्विजयने आपलं गणित बाहेर काढलं, साच्याचं, चार कप्प्यांचं. चांदभाईने ते शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं. मध्ये आरफाच्या हाताची नळी दुमडली होती, ती त्याने सरळ केली.

“मला साच्यातलं कळत न्हाई भाऊ,” तो म्हणाला. “पर आरफाच्या वक्ताला आमालाबी सगळी हेच म्हनत व्हती. एकदा झालं, आता न्हाई व्हायचं. आमी डोळं झाकून गेलो. आता ह्या पोरीकडं बघून नको व्हती असं मी कसं म्हनू? तसं म्हनवत न्हाई. आधी कळलं असतं तर काय केलं असतं, त्येबी मला ठावं न्हाई. पर डोळं झाकून गेलो, त्ये चुकलं.”

परतीच्या वाटेवर स्वरूपा तरतरीत झाली होती. रिक्षात तिने आरफाचं, आरफाच्या बांगड्यांचं आणि आरफा किती आगाऊ आहे याचं अखंड वर्णन केलं. दिग्विजयला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. दोनात दोन. असा साचा त्याने पाहिला नव्हता.

तरी घरी आल्यावर तो हटला नाही. ऐन वेळी हटेल तर तो दिग्विजय कसला. “त्यांचं नशीबच तसं होतं,” तो योगिनीला म्हणाला. “आपलं एक होऊन गेलंय.”

योगिनी मेथी निवडत होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

“एक विचारू? कंपनीत एक क्लिप रिजेक्ट झाली की पुढच्या तीन तुम्ही न बघता पाठवता?”

तो बघूनच पाठवायचा. रोज, प्रत्येक क्लिप, मापाचं गेज लावून, प्रकाशात धरून. तिसऱ्या कप्प्याचा दोष ठाऊक असूनही बाकीच्या तीन कप्प्यांवर त्याने एक दिवसही विश्वास टाकला नव्हता. आणि साच्यात तरी चार कप्पे एकाच वेळी भरतात. इथे एकच कप्पा होता, आणि त्यात काय पडायचं ते दर वेळी नव्याने ठरत होतं. नाण्याला माहीत नसतं, असं मॅडम म्हणाल्या होत्या. आता ते त्याला कळलं.

“मला भीती वाटते,” तो म्हणाला. “वाईट निघालं तर काय करायचं? न बघितलं तर निदान तेवढे महिने तरी…”

“मलाही वाटते,” योगिनी म्हणाली. “पण तुम्ही गणितात लपून बसता, आणि मी एकटी घाबरते.”

हे त्याला लागलं. त्याने तिच्यासमोर बसून मेथीची एक काडी उचलली, निवडायची सोडून नुसती मोडत राहिला.

तेवढ्यात आतून स्वरूपा आली. कंपनीतून उरलेल्या स्टिकरच्या पट्ट्या दिग्विजय तिला खेळायला आणून द्यायचा, त्या तिच्या हातात होत्या. तिने एक हिरवा स्टिकर काढून आईच्या पोटावर, पदर बाजूला करून, नीट दाबून बसवला. तिच्या स्वतःच्या फ्रॉकवर छातीपाशी आधीपासूनच एक लाल होता.

“हे काय गं?” योगिनीने विचारलं.

“बाळ ओके,” स्वरूपा म्हणाली. “मी रिजेक्ट. पप्पा फोनवर आजोबांना सांगत होते ना.” तक्रारीचा सूर नव्हता. आपला नंबर कितवा ते शाळेत सांगावं, तसं तिने सांगितलं आणि बाहेर खेळायला जायला निघाली.

दिग्विजयने तिला दारातून परत ओढून घेतलं. तो लाल स्टिकर काढायला गेला, तर गोंद पक्का होता आणि अर्धा कागद फ्रॉकवरच राहिला. नखाने खरवडत तो तिथेच बसला. “मी चुकीचं बोललो,” तो म्हणाला. “माणसांना असलं काही लावायचं नसतं.” स्वरूपा म्हणाली, “बरं,” आणि त्याचं खरवडून होईपर्यंत शहाण्यासारखी उभी राहिली. त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच विजयश्री मॅडमना फोन करून तपासणीची वेळ घेतली.

यशोदाबाईंनी अबोला धरला, पण सुई लावायच्या दिवशी पहाटे उठून योगिनीसाठी शिरा त्यांनीच केला, आणि दोघं रिक्षात बसेपर्यंत दारात उभ्या राहिल्या. निकाल यायला वेळ लागला. त्या दिवसांत घरात कुणी कुणाला गणित समजावलं नाही. दिग्विजय कंपनीत क्लिपा प्रकाशात धरून नेहमीपेक्षा जास्त वेळ बघायचा, आणि लाइनवरचे लोक त्याच्या नावाने खडे फोडायचे. वाईट निघालं तर काय करायचं यावर दोघं एकदाच बोलले. ठरलं काहीच नाही. पण बोलले.

फोन सोमवारी आला. नेमका दिग्विजय सेकंड शिफ्टला निघायच्या बेतात घरीच होता. योगिनीने स्पीकर लावला.

“बाळ तुम्हा दोघांसारखंच आहे,” विजयश्री मॅडम म्हणाल्या. “एक प्रत चांगली, एक बिघडलेली. आजार नाही. मोठं झाल्यावर लग्नाच्या वेळी जोडीदाराची तपासणी करायला मात्र सांगा.”

योगिनी रडायला लागली. यशोदाबाईंचा अबोला त्याच क्षणी सुटला. “सुटलो गं बाई,” म्हणत त्यांनी सुनेची दृष्ट काढली आणि लातूरला फोन लावायला घेतला. दिग्विजय भिंतीला टेकून उभा होता. त्याला कुणाला तरी मिठी मारायची होती आणि कुणाला ते कळत नव्हतं, म्हणून त्याने जवळ उभ्या असलेल्या स्वरूपालाच उचललं. आठ वर्षांची असूनही ती हाताला हलकी लागली. तिची तारीख जवळ आली होती.

“बाळाला रक्त नाही ना चढवायचं?” तिने विचारलं.

“नाही.”

“सुईने बघितलं ना तुम्ही?”

“हो.”

 “मी आईच्या पोटात होते तेव्हा मला बघितलं होतं सुईने?”

“नाही,” दिग्विजय म्हणाला.

“बघितलं असतं तर?”

यशोदाबाईंच्या हातातला फोन तिकडून हॅलो हॅलो करत राहिला. योगिनीने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे बघितलं. उत्तर त्यालाच द्यायचं होतं, आणि खोटं त्याला बोलायचं नव्हतं.

“तेव्हा आम्हाला काहीच माहीत नव्हतं,” तो म्हणाला, आणि तिचं डोकं त्याने आपल्या मानेवर दाबून धरलं. “बरं झालं, नव्हतं माहीत.”