दोघींची वाकळ

मित्रांनो, तुम्ही जिला गोधडी म्हणता तिला आमच्या सातारा भागात वाकळ म्हणतात. मी तशीच एक जुनी वाकळ आहे. जन्मापासून माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही. का, ते ऐका.

लोणंदच्या स्टेशनाजवळ साळूबाई नावाची एक शेतकरी बाई राहत होती. तिची लेक बनुबाई पहिल्या बाळंतपणासाठी मेढ्याहून माहेरी आली होती. मेढा म्हणजे डोंगरातला गाव. पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि थंडीत दात वाजतात. येणाऱ्या नातवंडासाठी साळूबाईने मला शिवायला घेतले. तिचे जुने लुगडे, मालकांचा फाटका पटका आणि बनूचा लहानपणीचा परकर जोडून तिने माझे अंग तयार केले. मग कडेपासून आत, चौकोनात चौकोन अशी ती टाके घालत गेली. तिचा टाका मुंगीएवढा बारीक होता. शेजारणी म्हणत, "साळूचा हात म्हंजी मशीनच हाय." ते ऐकून मला फार अभिमान वाटे.

पण ते बहात्तर साल होते. पाऊस आलाच नाही आणि साळूबाईला दुष्काळी कामावर खडी फोडायला जावे लागले. एके दिवशी हातोडा निसटला आणि तिच्या उजव्या हाताची बोटे चेचली. माझा मधला भाग तसाच मोकळा राहिला. बनुबाईला तर रोज सरकारने दुष्काळात वाटलेली सुकडी आणायची, म्हशीला पाणी शोधायचे, तिला कुठली सवड?

तेव्हा साळूबाईने मला उचलले आणि रेल्वेच्या चाळीत सेलिनबाईकडे नेले.

ही सेलिनबाई वसईची. तिचे मालक पास्कोल स्टेशनवर गाड्यांसाठी रूळ बदलणारे सांधेवाले होते. लोणंदमध्ये त्यांचे एकच ख्रिस्ती घर होते. भिंतीवर मरियामातेची तसबीर आणि तिच्यापुढे मेणबत्ती होती. सेलिनबाईला वाकळ शिवायला साळूबाईनेच शिकवले होते, हौस म्हणून. "बाई, एवढं मधलं तुमी पुरं करा. लेकरू यायच्या आत हवं," असे म्हणून तिने मला तिथे सोडले.

सेलिनबाईने मला ट्रंकेत ठेवले. झाकण बंद झाले आणि मी हादरलेच. आत माझ्यासारख्या तीन वाकळा पडल्या होत्या, तिन्ही अर्धवट! एकीची तर नुसती कड शिवून झाली होती. त्या म्हणाल्या, "इथं आलेली पुरी होऊन बाहेर पडत नाही बाई."

ते खरेच होते. सेलिनबाई मला मांडीवर घेई, चार टाके घाली आणि उठे. गाडीची शिट्टी झाली की दारात जाई. परत येई, सुई धरी, पुन्हा खाली ठेवी. मग पुस्तक उघडी. वसईच्या एका पाद्रीबुवांनी लिहिलेले ते पुस्तक ख्रिस्ती घर कसे असावे याविषयी होते. संध्याकाळी सर्व कुटुंबाने तसबिरीपुढे गुडघे टेकावेत, जपमाळ म्हणावी, एकत्र जेवावे, घरात शांती नांदावी, असे त्यात येशूच्या घरातल्या गोष्टी सांगत लिहिले होते. तिच्या घरात संध्याकाळी ती एकटीच असे. पास्कोल पाळीवर. मूलबाळ नाही. चर्च नाही, समुद्र नाही, नुसता धुळीचा वारा. एक पान वाचून ती पुस्तक फाडकन मिटे. तिच्या मांडीवर मला तिचे पाय सारखे हलताना जाणवत.

एके दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, "मला इथं राहवत नाही. मी वसईला जाते."

पास्कोल जेवता जेवता थांबला. "जायचं तर जा सेलिन. पण त्या साळूमावशींचं काम देऊन जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ट्रंक भरली. मला मात्र घडी करून साळूबाईकडे परत द्यायला निघाली. पुस्तक काखेत होतेच. ते ती कुठेही नेई. मित्रांनो, त्या वाटेवर माझी काय तगमग झाली! अर्धवट वाकळ बाळाला पांघरता येत नाही. आतल्या चिंध्या गोळा होतात.

साळूबाई ओट्यावर बसली होती. हाताला फडके बांधलेले होते. शेजारी बनुबाई, दिवस भरत आलेली. "मावशी," सेलिनबाई म्हणाली, "माझ्याच्यानं होत नाही."

साळूबाई रागावली नाही. ती म्हणाली, "बसा तर खरं. कसलं पुस्तक हाय ते?"

"घराबद्दल आहे. आमच्या येशूच्या घराबद्दल, त्याच्या आईबापाबद्दल."

"वाचा की मग. माझा हात काय कामाचा न्हाई, कान तर हायेत."

सेलिनबाई वाचू लागली. राजा बाळाच्या जिवावर उठला, म्हणून आईबाप तान्ह्याला घेऊन मिसर देशात पळाले, ते पान निघाले. साळूबाईने मधेच विचारले, "आन त्या परमुलखात ती बाय काय करायची वं दिवसभर?"

सेलिनबाईने पान उलटले, मागे पाहिले. "ते लिहिलेलं नाही."

"लिवलं नसंल. पर लेकराला कायतरी पांघरलं असंलच की. थंडी समद्या मुलखात असती."

सेलिनबाईने पुस्तक मिटले आणि मला पुन्हा मांडीवर ओढले. मग म्हणाली, "बनू, सुईत दोरा ओव गं."

तिची गाडी आली, शिट्टी झाली, निघूनही गेली. ती उठली नाही असे मी म्हणणार नाही. तीन-चारदा उठली, अंगणात जाऊन आली, पण प्रत्येक वेळी परत बसली. रोज दुपारी ती येई. शिवून कंटाळली की वाचे, वाचून कंटाळली की शिवे. तिचे टाके लांब आणि वाकडेतिकडे पडले, पण ते मधोमध जाऊन पोचले. बनुबाईला कळा सुरू झाल्या त्या दिवशी शेवटची गाठ बसली. मुलगी झाली. तिला माझ्यात गुंडाळले तेव्हा सेलिनबाई साळूबाईच्या खांद्यावर डोके ठेवून रडली.

ती वसईला गेली, पण महिनाभर राहून परत आली. ट्रंकेतल्या तिघीही पुढे पुऱ्या झाल्या. पंचाहत्तर साली पास्कोलची मिरजेला बदली झाली, तेव्हा त्या गाठोड्यावर ऐटीत बसून गेल्या म्हणे!

मी मेढ्याला आले. बनुबाईची सासू भामाबाई मला पाहून हसली. "ह्यो मधला भाग कुणी शिवला गं? आंधळ्यानं?" बनुबाई म्हणाली, "आवं आत्याबाई, उसवला न्हाई नव्हं अजून?" मी तीन लेकरांना ऊब दिली. मग फाटले, तशी मला गोठ्यात टाकली. एक पावसाळा मी ओलीत काढला. उंदरांनी एक कोपरा कुरतडला.

गेल्या आठवड्यात बनुबाईने मला बाहेर काढले, नदीवर धुतले, उन्हात वाळवले. कुरतडलेल्या कोपऱ्याला ती नवे ठिगळ लावू लागली. अर्धे झाले आणि शेतातून हाक आली. ती गेली. तेव्हापासून मी खुंटीवर लोंबते आहे, अंगात सुई तशीच खोचलेली.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझी एखादी बहीण असेल. तिला ऊन दाखवा, उसवलेले वेळीच शिवा. हात चांगला नसला तरी चालेल, टाका वाकडा पडला तरी चालेल. आणि मेढ्याच्या बाजूला गेलात, तर बनुबाईला एवढे सांगा, की थंडी जवळ आली आहे.