दाराच्या उजवीकडे

कांग दर्मोने पहारीचं टोक कोपऱ्यातल्या खांबाखाली सारलं आणि हलकेच दाब दिला. खांब बोटभर वर आला. खाली घडीव दगड होता, आणि दगडावर चाळीस वर्षांत ऊन न पाहिलेला एक फिकट चौकोन.

"बघ यू," तो म्हणाला. वयाने मोठ्या बाईला गावात यू, म्हणजे ताई, म्हणत. "तुझं घर जमिनीला कुठंच धरलेलं नाही. नुसतं टेकलंय. ऊठ म्हटलं की उठेल."

"चाळीस वर्षं ऊठ म्हणायला कुणी आलं नाही," कसिरा म्हणाली आणि हातातली उकडलेल्या कसाव्याची परात तिने बांबूच्या बाकावर ठेवली.

कौलं कालच उतरवली होती. फळ्यांच्या भिंती बैलगाडीतून पलीकडे गेल्या होत्या. उरला होता तो सागाचा सांगाडा: खांब, तुळया, आढं. आरपार दिसणाऱ्या त्या घरात आता माणसं बांबू आडवे बांधत होती. सेंदांगवुनीतल्या प्रत्येक घरातून एक गडी आला होता, काही घरांतून दोन. घर उचलायचं म्हटलं की कुणाला बोलवावं लागत नाही. जेवण तेवढं वेळेवर लागतं.

जमीन तिच्या नवऱ्याच्या, विर्योच्या, बापाची. कसिराला मूल झालं नाही. त्यामुळे विर्यो गेल्यावर जमीन त्याच्या घराण्यात परत गेली, धाकट्या दिराचा मुलगा वास्कितो याच्याकडे. घर मात्र दोघांच्या कष्टाचं. तिने आंबवलेल्या सोयाबीनचं, पानांत बांधलेलं टेंपे बाजारात विकायचं आणि विर्योने एकेक लाकूड आणायचं, असं अकरा वर्षं चाललं होतं. म्हणून घर तिचं. यात कुणी कुणाचं ओरबाडलं नव्हतं. गावात हे असंच चालत आलं होतं, आणि तिनेही कधी त्याविरुद्ध तोंड उघडलं नव्हतं. वास्कितोने तर विटांच्या नव्या घरात मागची खोली देऊ केली होती.

"मागच्या खोलीत मी मावेन," ती म्हणाली होती. "माझं घर मावेल का?"

मग तिच्या धाकट्या भावाने त्याच्या शेताच्या कडेला, बांबूच्या बेटाशी, घरापुरती जागा दिली. इथून पाच शेतं पलीकडे.

"मोठी आई!" वास्कितो अंगणातून ओरडला. तेहतीस वर्षांचा, शहरातल्या कारखान्याचा निळा शर्ट, कमरेला मोबाईल. "आज तरी उपास सोड. पन्नास माणसांचा स्वयंपाक उपाशीपोटी करतेस!"

"आजचा गुरुवार वेगळा असतो होय?"

"हिचं असंच आहे," कांग दर्मो म्हणाला. "विर्योला पुरला त्या सोमवारीसुद्धा हिने संध्याकाळशिवाय पाणी घेतलं नाही. देवसुद्धा म्हणत असेल, बाई, जरा मलाही सुट्टी दे."

माणसं हसली. कसिराही हसली आणि खांद्यावरच्या कापडाने हात पुसत चुलीकडे वळली. वळताना तिची नजर जमिनीवरच्या पांढऱ्या रेघेवर गेली.

रेघ वास्कितोने काल चुन्याने मारली होती. नव्या घराचा पाया त्या रेघेवरून खणायचा होता, उद्या सकाळी. मोजणीवाले पुढच्या आठवड्यात येणार, त्याच्या आत पाया दिसला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. रेघ सरळ होती. सरळ येऊन ती दाराच्या उजव्या बाजूने, उंबऱ्यापासून दोन हातांवरून गेली होती.

तिथे खाली मडकं होतं.

तेहतीस वर्षांपूर्वी पावसाळ्यात धाकटी जाऊ बारिया हिला याच घरात कळा सुरू झाल्या. दीर लाकूडतोडीला दूर गेलेला. मुलगा झाला. बारिया तापाने फणफणली, आणि मुलाबरोबर आलेली वार धुवायला दुसरं कुणी नव्हतं. ते काम बापाचं, कसिराने केलं. मीठ, सुई, हळद घालून नव्या मडक्यात ठेवली, वर झाकण बसवलं, आणि विर्योने मडकं दाराच्या उजवीकडे पुरलं, मुलाचं म्हणून उजवीकडे. वार म्हणजे बाळाचं धाकटं भावंड. त्याला अंधारात ठेवत नाहीत. पस्तीस संध्याकाळी कसिराने तिथे टोपलीखाली दिवा लावला, आणि घरात मूल रडलं की आधी तीच उठली.

छत्तिसाव्या दिवशी बारिया अंथरुणातून उठली आणि मूल छातीशी धरून म्हणाली, "यू, हा माझ्या घरी जन्मला असं सांगायचं. त्याचं काही तुझ्या दारात आहे हे कुणाला कळता कामा नये. त्यालाही नाही."

मूल नसलेल्या बाईच्या दारात मुलाची वार असली तर मूल हळूहळू त्या दाराकडे ओढलं जातं, असं तिला कुणी सांगितलं होतं की तिच्याच मनाने घेतलं होतं, कोण जाणे. सुईण पुढे वारली. विर्यो मुळातच न बोलणारा. कसिराने डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता, आणि सोमवार-गुरुवारच्या उपासासारखा पाळला होता.

मडक्यावरून कुदळ गेली तर ज्याचं ते आहे त्याला बाधतं, असं म्हणतात. कसिरा काल रात्रभर एवढंच मनात घोळवत होती. सांगितलं तर शब्द मोडतो. नाही सांगितलं तर कुदळ पडते.

भाजीला उकळी आली तेव्हा बारिया काठी टेकत आली. कुणीतरी तिच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणली, ती चुलीपासून थोडी लांब ठेवायला लावून ती बसली. दोघी जावा एकाच गावात राहून लग्नकार्याला, मयताला भेटायच्या. एरवी नाही.

"मीठ बघतेस का?" कसिराने पळीत रस्सा घेऊन पुढे केला. "मला उपास आहे."

बारियाने चाखलं. "बरोबर आहे," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुझ्या हाताला कधी जास्त झालं नाही."

माणसं जेवायला बसली. केळीच्या पानांवर भात, टेंपे, मिरचीचा ठेचा. वास्कितो वाढत होता आणि ज्याला त्याला सांगत होता की खिडक्या कुठे येणार आणि फरशी कुठल्या रंगाची. "बाथरूमसुद्धा आतच," तो म्हणाला, आणि एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे आम्ही रात्री शेतात जाऊन चांदण्या बघायच्या त्या बंद." हशा झाला. त्या हशाच्या आडोशाने कसिराने खुरपं आणि एक टोपली घेतली आणि उंबऱ्याशी जाऊन बसली.

जुन्या जागेची ओंजळभर माती नव्या जागी न्यायची असते. हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी मान वर करून पाहिलं नाही. ती डाव्या बाजूला बसली आणि माती उकरू लागली.

काठीचा आवाज जवळ आला.

"यू, ती बाजू नाही."

कसिराने खुरपं थांबवलं नाही. "मला ठाऊक आहे. म्हणून तर इथली घेतेय."

बारिया उभीच राहिली. तिच्या काठीचं टोक चुन्याच्या रेघेवर होतं.

"उद्या इथे कुदळ पडणार."

"हो."

"तू त्याला सांगणार होतीस?"

"तुला शब्द दिला होता."

"तेहतीस वर्षं झाली त्याला."

"तू परत घेतला नाहीस ना कधी."

जेवणाऱ्यांतून कुणीतरी भात मागितला. वास्कितो हसत पातेलं घेऊन धावला. बारियाने त्याच्याकडे पाहिलं, पाहत राहिली. मग खाली न बघता म्हणाली, "सहा वर्षांत चार नोकऱ्या झाल्या. बायको माहेरी जाऊन बसलीय. कुठंच टिकत नाही तो. मला वाटायचं, आपण त्या मडक्याचं नीट..." तिने वाक्य सोडून दिलं. "काढ ते. तूच घेऊन जा."

"मी?"

"माझे गुडघे वाकत नाहीत. आणि माझ्या दारात नेलं तर तो विचारेल हे काय म्हणून. तुला कोण विचारतंय."

हे ती टोचायला म्हणाली नव्हती. होतं ते म्हणाली होती. कसिराने मान हलवली.

बारिया तिथेच, तिच्या आणि जेवणाऱ्या माणसांच्या मधे, पाठ करून उभी राहिली. कापड सुकत घालावं तशी काठीवर दोन्ही हात पसरून. कसिरा उजवीकडे सरकली, ओठांतल्या ओठांत बिस्मिल्ला म्हणाली आणि खणू लागली. वरची माती दगडासारखी होती, खालची मऊ. हातभर खाली गेल्यावर खुरप्याला मडकं लागलं. झाकण जागच्या जागी होतं. तिने बोटांनी भोवतीची माती सोडवली आणि मडकं वर उचललं. तिला ते जड असेल असं वाटलं होतं. ते रिकाम्या तांब्याइतकं हलकं होतं.

खड्डा बुजवून तिने पायाने सारखा केला. बारियाने चपलेने त्यावरून चुन्याची रेघ पुन्हा ओढल्यासारखी केली. मग ती आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.

कांग दर्मोने तीनदा हाळी दिली. तिसऱ्या हाळीला सगळा सांगाडा माणसांच्या खांद्यांवर चढला, एका बाजूला कलला, सावरला, आणि चालू लागला. आढं बांबूच्या बेटांवरून सरकताना दिसत होतं. कापणी होऊन गेलेल्या शेतांत धसकटं पायाखाली मोडत होती.

"डावीकडे दाबा! मुतारीत नेताय का घर?"

"नेऊ की, यू कसिराला आतच बाथरूम!"

कसिरा मागून चालत होती. खांद्यावरचं बाटिकचं लांब कापड तिने कमरेभोवती फिरवून गाठ मारली होती, आणि त्या झोळीत कमरेवर मडकं घेतलं होतं. या कापडात तिने आयुष्यभर टेंपे नेलं होतं, लाकडं नेली होती, शेजाऱ्यांची मुलं खेळवली होती. हात आपोआप खालून मडक्याला आधार देत होता, आणि तिचं चालणंही थोडं एका बाजूने झुकतं झालं होतं.

वास्कितो घाम पुसत मागे आला. "मोठी आई, काय नेतेस एवढं जपून? सोनं पुरलं होतं की काय मोठ्या बाबांनी?"

"माती आहे."

"दे इकडे, मी घेतो."

"नको," ती म्हणाली. "तू घर धर."

तो धावत पुढे गेला आणि मागच्या कोपऱ्यातल्या खांबाला खांदा लावला.

दुपारपर्यंत घर नव्या दगडांवर टेकलं होतं, पहिल्यासारखंच दक्षिणेकडे तोंड करून. कौलं निम्मी चढली. भिंती उद्या. मग माणसं गेली. कुणाची गुरं बांधायची होती, कुणाची नळाची पाळी होती. भाऊ रात्री सोबतीला येतो म्हणाला. ती म्हणाली, कशाला. बांबूच्या बेटात वारा वाजत होता. जुन्या अंगणात या वेळी रस्त्यावरून जाणारे दोघे-तिघे तरी दारातल्या रांजणातलं पाणी प्यायला थांबायचे. इथून रस्ता दिसत नव्हता.

दार नव्हतं, म्हणून दार कुठे येईल ते तिने दोन खांबांच्या मधे उभं राहून पाहिलं. मग उजवीकडे दोन हात मोजले आणि खणलं. मडकं ठेवलं, माती लोटली, वर सपाट दगड ठेवला. तेलाचा दिवा लावला आणि त्यावर बांबूची टोपली पालथी घातली.

दूरच्या मशिदीतून बांग आली. तिने पेल्यातलं पाणी तीन घोटांत प्यायलं आणि फळ्यांच्या ढिगाआड, जिथे भिंत येणार होती तिथे, नमाज पढली.

ती उठली तेव्हा मोटारसायकलचा दिवा शेताच्या बांधावरून हेलकावत येत होता. मागच्या सीटवर दोरीने बांधलेला रांजण होता.

"हा विसरलीस," वास्कितो म्हणाला. त्याने रांजण उतरवून खांबाशी ठेवला. कंबर सरळ करताना त्याला दिवा दिसला. गावात त्या दिव्याचा अर्थ ठाऊक नसलेला कुणी नव्हता.

"हे काय? कुणाकडे मुलगा झाला?"

"दारात उजेड असावा म्हणून."

"टोपलीखाली?"

कसिराने रांजणाचं तोंड पुसलं. आत पाणी नव्हतं.

"आई दिवसभर गप्प आहे," तो म्हणाला. "जेवलीसुद्धा नाही. तुला काही बोलली का?"

"मीठ बरोबर आहे म्हणाली."

तो दिव्याकडे पाहत उभा राहिला. वाऱ्याने टोपलीतून येणारी उजेडाची नक्षी जमिनीवर हलत होती. मग तो दोन पायांवर बसला, टोपली थोडी फिरवली, आणि वारा यायचा त्या बाजूला एक कौल उभं करून ठेवलं. नक्षी स्थिर झाली. त्याने आधीच चपला काढल्या होत्या. कधी काढल्या ते कसिराने पाहिलं नव्हतं.

"किती दिवस लावणार?" त्याने न वळता विचारलं.

"पस्तीस."

"बरं," तो म्हणाला.

मग तो उठला, रिकामा रांजण खांद्यावर घेतला आणि विहीर कुठे आहे ते न विचारता तिच्या भावाच्या शेताकडे चालू लागला.