पापुद्र्याखालचं तूप

टक्! तुपाच्या डब्याचं झाकण निघालं आणि दुपारची शांतता तेवढ्या आवाजानं दचकली. वृषालीनं मागं वळून बघितलं. तिचं तान्हं पाळण्यात झोपलेलं. चार वर्षांची यशू उंबऱ्यावर बाहुलीची वेणी घालत बसलेली. सासूबाई धाकटीचं बाळ घेऊन शेजारी गेलेल्या.

तिनं धाकट्या जावेची, संघप्रियाची भाकरी ओढली, फुगलेला पापुद्रा नखानं अलगद उचलला आणि आत रोजच्यापेक्षा मोठा तुपाचा गोळा सारला. आठवडाभर हाच उद्योग चालला होता.

दोन्ही जावा बाळंतपणानंतर अंगानं सारख्याच सुटल्या होत्या. पण संघप्रियानं ना गोळी घेतली, ना पावडर. स्कूटी दारात ठेवून पायी रानात जायला लागली, चहातली साखर सोडली, दिवस मावळायच्या आत भाकर-पालेभाजी खाऊन मोकळी. बघता बघता बाई अशी उतरली, की येरमाळ्याच्या लग्नात वृषालीचंच बाळंतपणाआधीचं मोरपंखी झंपर घालून मिरवली.

"संघे, नवरीच दिसायलीस की गं!" सासूबाई चारचौघींत म्हणाल्या. वृषालीच्या तर ते झंपर दंडातसुद्धा शिरत नव्हतं. ती हसली, पण जीव तव्यावरच्या लाहीगत तडतडत राहिला. त्याच्या दुसऱ्या दिवशी तुपाचा डबा निघाला.

"ताई, लई भूक लागली बघा!" संघप्रिया रानातनं आली ती पदरात पाथरीच्या रानभाजीचा कोवळा पाला घेऊनच. "तुमच्यासाठी खुडला. उद्यापासून दोघी संगं चालू. तुमच्या बाळाला मी घेते कडंवर, तुम्ही नुसतं हात हलवत चला. मला एकटीला करमंना."

"बघू," वृषालीनं ताट पुढं सारलं.

"आन् तुमच्या हातच्या भाकरीला काय गोडी हो, ताई! खाल्ली की कोसभर जास्तीचं चालू वाटतंय."

तेवढ्यात आलेल्या सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "जावा न्हाईत गं, बहिणी हायती."

वृषाली लगबगीनं पुढं झाली. "ती राहू दे संघे, गार झाली. दुसरी टाकते," म्हणत तिनं ताटाला हात घातला. पण संघप्रियानं भाकरी मोडली होती. पिवळं तूप बोटांवर ओघळलं. ती बोटांकडं बघत राहिली, मग वृषालीकडं.

यशू बाहुली टाकून आईच्या पदराला येऊन बिलगली.

"आई, तू रोज काकूच्याच भाकरीत लपवून तूप घालतीस. तुला काकू माझ्यापेक्षा लई आवडती व्हय?"