पत्र्याच्या हातातला करंडा

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. कोरेगावात हंबीररावांच्या घरी सकाळपासून तिळाचा खमंग वास सुटला होता आणि सोप्यात बायकांची ये-जा चालली होती. मागच्या खोलीत, जिथं शेंगांची पोती आणि पेंड ठेवत, तिथं त्यांची थोरली सून विजयमाला एका रेडिओच्या पोटात डोकं घालून वायरला डाग लावत बसली होती. गिऱ्हाईक दुपारी येणार होतं. बाजारात तिच्या दिराचं, भाऊसोचं, दुकान होतं आणि दारावर 'भाऊसो रेडिओ दुरुस्ती' अशी ठसठशीत पाटी होती. भाऊसो बिघडलेला रेडिओ घ्यायचा, "उद्या या" म्हणायचा आणि पिशवीत घालून वहिनीपुढं आणून ठेवायचा. सकाळी चालू रेडिओ परत दुकानात. सहा वर्षं हा उद्योग बिनबोभाट चालला होता. गाव म्हणायचं, भाऊसोच्या हाताला गुण हाय.

डोंबलाचा गुण! रेडिओचे मागचे चार स्क्रू काढले की भाऊसोची विद्या संपायची.

विजयमालाला ही विद्या नवऱ्याकडून मिळाली होती. लालासाहेब फौजेत होता आणि वायरलेस सेट दुरुस्त करायचा. दुसरे जवान सुट्टीवर येताना ट्रंकेतून रमची बाटली आणायचे, हा मोडके रेडिओ आणायचा आणि बायकोला मांडी घालून समोर बसवायचा. पत्रांतसुद्धा प्रेमाच्या ओळी दोन आणि आकृत्या चार. एकदा त्यानं लिहिलं, असं यंत्र येणार हाय की माणसावानी हात हलवंल, दळंल, धुईल, पाणी भरंल, तवा तू काय करशील? तिनं उलट टपाली कळवलं, बिघडलं तर दुरुस्त करीन. एकाहत्तरच्या लढाईत लालासाहेब गेला. तार आली त्या दिवशी विजयमाला एकोणीस वर्षांची होती. बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं आणि तिला या मागच्या खोलीत आणून बसवलं.

खोलीत आधीच एक बाई होती. राहीबाई, हंबीररावांची थोरली बहीण. अकराव्या वर्षी विधवा झाली, नवऱ्याचं तोंडसुद्धा तिला आठवत नव्हतं. आता पासष्टीला टेकली होती. चौपन्न वर्षं तिनं या घराचं दळलं, कांडलं, बाळंतपणं काढली, एक वेळ जेवली, आणि हळदी-कुंकवाचं ताट दिसलं की मुकाट उठून मागं गेली. तिला ऊठ म्हणायचीही कुणाला गरज पडत नसे. जित्या माणसाला इतकं वळण लावता येतं, आणि लावणारे पुन्हा देवळात जाऊन घंटा वाजवतात. याची चीड येत नसेल त्यानं ही गोष्ट इथंच मिटून ठेवावी.

त्या साली शाळेत प्रदर्शन भरायचं ठरलं, 'इसवी सन दोन हजार' नावाचं. हंबीरराव शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांनी सभेत छाती फुगवून सांगून टाकलं की आमचा भाऊसो यंत्रमानव करणार. भाऊसो सभेतून उठला. तो तसाच घरी आला आणि वहिनीपुढं बसला. विजयमालानं दोन महिन्यांत यंत्र उभं केलं. रॉकेलच्या डब्यांचं धड, भंगारात निघालेल्या जीपच्या वायपरची मोटर, सायकलची साखळी, छातीत लाल दिवा. पुढं चटईखाली लाकडी फळी, फळीखाली पितळेच्या दोन पट्ट्या. फळीवर माणूस उभं राहिलं की पट्ट्या चिकटायच्या, दिवा लागायचा, यंत्र कमरेत वाकायचं आणि हात पुढं करायचं. पोरंटोरं उगाच नाचवतील म्हणून तिनं फळीची स्प्रिंग चांगली कडक ठेवली होती. भाऊसोनं चंदेरी रंग दिला. तेवढं मात्र त्यानं मन लावून केलं.

प्रदर्शनाला सांगलीच्या एका तंत्रशाळेचे प्रमुख देशिंगकर सर येणार होते. त्यांनी आधीच कळवलं होतं की ज्यानं हे यंत्र केलं त्याला आमच्या वर्कशॉपमध्ये जागा देऊ, शिकवूही आणि पगारही देऊ. ते पत्र विजयमालानं चारदा वाचलं. मग आयुष्यात पहिल्यांदा पदर सावरून ती सासऱ्यांपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "मामंजी, मी जाऊ का सांगलीला?"

हंबीरराव आधी हसले आणि मग भडकले. विधवा सून परगावी एकटी राहिली तर भावकी तोंडात शेण घालील, असं ते म्हणाले. जागा भाऊसो घेईल. तिकडं काही अडलं तर तो यंत्र पिशवीत घालून घरी आणील आणि ती मागच्या खोलीत दुरुस्त करील. आहे की नाही अक्कल! सांगलीचा कारखानाच पिशवीतून कोरेगावला आणायचा, पण बाईला उंबरा ओलांडू द्यायचा नाही.

पुढची अक्कल सासूबाईंची. शालूबाई महिला मंडळाच्या अध्यक्षा. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी शाळेच्या सभागृहात चैत्रातलं हळदी-कुंकू ठेवायचं आणि यंत्रमानवाच्या हातून ते द्यायचं, अशी त्यांची टूम निघाली. सगळ्यांना फार आवडली. यंत्राच्या पंज्यात करंडा नीट बसावा म्हणून विजयमालाला बोटं वाकवून घ्यायला सांगितलं. मापाला करंडा हवा म्हणाली, तर शालूबाईंनी आतलं कुंकू दुसऱ्या वाटीत काढलं, करंडा पुसून कोरडा केला आणि रिकामा तिच्यापुढं सरकवला. भरलेल्याला तिचा हात लागू नये म्हणून. विजयमालानं माप घेतलं, बोटं वाकवली आणि करंडा परत केला. त्या दिवशी पक्कड तिच्या हातातून दोनदा खाली पडली.

हळदी-कुंकवाच्या दिवशी सभागृह जरीच्या पदरांनी भरून गेलं. दोनशे तरी बायका असतील. यंत्रमानवाच्या मागं पडदा लावला होता आणि भोवती रंगीत दिव्यांची माळ सोडली होती. मागच्या पडवीत विजयमाला आणि राहीबाई पाहुण्यांच्या कपबश्या विसळत होत्या. देशिंगकर सरांनी भाषण केलं. बावीस वर्षांनी जातं अडगळीत जाईल, धुणं यंत्र धुईल, कोरेगावात बसून आई दिल्लीतल्या लेकाचं तोंड बघत बोलेल, असं ते सांगत होते. एका म्हातारीनं मध्येच विचारलं, मग सुनांनी काय करायचं? सभागृह खो खो हसलं. पडवीत राहीबाईनं विजयमालाला हळूच विचारलं, दळायचं यंत्र आलं तर मला ठेवून घेतील का गं ही? विजयमालानं तिच्या हातातली ओली बशी आपल्याकडं घेतली.

मग पूजा. नवं यंत्र म्हटल्यावर पूजेशिवाय चालतंय होय? शालूबाईंनी पत्र्याच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं, ओंजळभर अक्षता टाकल्या, आणि नारळ फोडायला दगड दिसेना म्हणून तो चटईखालच्या फळीच्या कडेवरच फाडदिशी फोडला. टाळ्या पडल्या. पहिला मान अध्यक्षांचा. शालूबाई पदर सारखा करून फळीवर उभ्या राहिल्या.

यंत्र ढिम्म.

भाऊसोनं त्याच्या पाठीत थापटी मारली, कान पिळला, आत डोकावून मान हलवली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. त्याच्या शर्टाला घामाचे डाग पडले. बायकांत कुजबुज सुरू झाली आणि शालूबाईंनीच तिला वाचा फोडली. मघाशी ती मागच्या दारातनं डोकावली, म्हणाल्या, पांढऱ्या कपाळाची सावली पडली. झालं! सगळ्या माना पडवीकडं वळल्या. नवऱ्याच्या मागं सहा वर्षं गावाचा रेडिओ जिच्या हातानं बोलत होता, तिच्या सावलीनं म्हणे यंत्र मेलं.

हंबीरराव मागच्या दारानं पडवीत आले. आवाज खाली आणून त्यांनी हुकूम सोडला, "पडद्याआडनं जा, नीट कर, नि तशीच माघारी ये. बायकांस्नी तोंड दावायचं न्हाई."

विजयमाला ओले हात पुसत पडद्यामागं गेली. तिनं मोटरीला हात लावून पाहिला, वायर चाचपली. मोटर ठीक होती, वायर ठीक होती. दोष पुढं होता, फळीत, आणि फळीपर्यंत पडद्याआडून हात पोचत नव्हता.  बाहेर दोनशे बायका होत्या. मागं सासरे उभे होते. मग तिनं पडदा बाजूला केला आणि सगळ्यांच्या देखत पुढं आली.

 पहिल्या रांगेतल्या एकीनं लेकीच्या डोळ्यांवर हात ठेवला. विजयमालानं चटई गुंडाळली, फळी उचलली आणि खालचं जे होतं ते तळहातावर गोळा केलं. करवंटीचा एक तुकडा आणि पट्ट्यांमध्ये अडकलेल्या पिवळ्या अक्षता. ती सासूबाईंपुढं गेली आणि तळहात त्यांच्या नाकासमोर धरला.

"सावली न्हवं ही. तांदूळ हाईत. तुमच्याच हातचं."

शालूबाईंनी तोंड फिरवलं. विजयमालानं फळी बसवली, चटई घातली. दुरुस्ती झाली की नाही हे बघायला फळीवर उभं राहावंच लागतं. मागच्या खोलीत ती शंभरदा अशी उभी राहिली होती, समोर रिकामा पत्र्याचा पंजा यायचा. आज उभी राहिली. लाल दिवा लागला, यंत्र कमरेत वाकलं आणि भरलेला करंडा तिच्या छातीसमोर येऊन थांबला.

"भाऊसो, बंद कर त्ये," हंबीरराव गरजले.

भाऊसोनं धावत जाऊन भिंतीतला प्लग उपटला. दिव्यांची माळ विझली, लाउडस्पीकर घरघरून गप्प झाला. यंत्र मात्र तसंच उभं, दिवा लागलेला, हात पुढं केलेला. भाऊसो हातातल्या वायरकडं बघत राहिला.

देशिंगकर सर खुर्चीतून उठले. "अहो, यंत्र तुम्ही केलंत ना?" त्यांनी भाऊसोला विचारलं. "मग ते कशावर चालतं?"

भाऊसोनं वायर खाली टाकली. त्यानं बापाकडं बघितलं, बापानं छताकडं.

"ट्रॅक्टरच्या बॅटरीवर," विजयमाला म्हणाली. "दिसातनं तीनदा लाइट जाती हितं. मी केलंय त्ये. बाजारातलं रेडिओबी मीच करते."

"मग सांगलीची जागा तुमची," देशिंगकर सर तिला म्हणाले. हंबीरराव पुढं आले. मान ताठ होती, पण आवाज चिरकला. या दारातनं सांगलीला गेलीस तर माझ्या दारात परत पाय ठेवू नकोस, असं त्यांनी चारचौघांत सुनावलं. विजयमाला बरं म्हणाली. करंड्यात बोट बुडवून तिनं कपाळाला कुंकू लावलं, आणि फळीवरून खाली उतरली.

एवढ्यात पडवीच्या दारातून राहीबाई आली. लुगड्याला हात पुसत, भिंत धरून. ती यंत्रापुढं थांबली.

"पोरी, मी उभी ऱ्हायले तर मलाबी दील का गं?"

"दील की, आत्या."

"त्येला ठावं हाय का, मी कोण त्ये?"

"न्हाई. त्येला नुस्तं वजन कळतं."

राहीबाई फळीवर चढली. काहीच झालं नाही. तिनं जोर दिला, टाचा दाबल्या. दिवा लागला नाही. चौपन्न वर्षं एक वेळ जेवलेल्या त्या देहात स्प्रिंग दाबायलाही वजन उरलं नव्हतं. ती ओशाळं हसली आणि उतरायला लागली. तेव्हा विजयमालानं तिचा दंड धरला आणि बायकांकडं वळून म्हणाली, "कुणीतरी एकीनं हिच्या शेजारी पाय ठिवा. एकच पाय पुरंल."

कुणी आलं नाही. दोनशे बायका होत्या, राहीबाईनं त्यांतल्या कितीतरी जणींची बाळंतपणं केली होती, त्यांची पोरं तेल लावून न्हाऊ घातली होती. कुणी पैंजण न्याहाळलं, कुणी भिंतीवरचा तक्ता वाचला. विजयमालानं मनात दहा मोजून वाट बघितली आणि मग आपलाच पाय फळीवर ठेवला. दिवा लागला. यंत्र राहीबाईपुढं वाकलं.

राहीबाईनं बोट बुडवलं, कपाळाकडं नेलं आणि मध्येच थांबून आरसा मागितला. आरसा कुणी दिला नाही. मग तिनं यंत्राच्या चंदेरी छातीत वाकून बघितलं आणि कुंकू लावलं. ते जरा वाकडंच लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं दोघी सांगलीला गेल्या. वर्कशॉपच्या हजेरीपटावर विजयमालाचं स्वतःचं नाव लागलं, आणि राहीबाई तिच्या खोलीत दोन वेळ जेवू लागली. कोरेगावात भाऊसोच्या दुकानाला महिन्याभरात कुलूप पडलं. लोक म्हणतात, त्याच्या हाताचा गुण गेला.

दोन हजार साल येईल. दळायचं यंत्र येईल, धुवायचं येईल, दिल्लीतल्या लेकाचं तोंड दाखवणारंही येईल, आणि आपण सगळे ते आनंदानं घरात घेऊ, नारळ फोडून घेऊ. त्याआधी एक काम करा. त्या दिवशी सभागृहात ज्या दोनशे बायका गप्प बसल्या, त्यांत आपली आई होती का, आपली बायको होती का, एवढं आज घरी विचारून बघा.